हाताला जागा

(वसंत व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान, थोडे संक्षेपाने)

ओळख करून देताना अध्यक्षमहाराजांनी मला 'विमानांचा डॉक्टर' म्हटलं. तेवढं मी परत करतो. डॉक्टर पेशंटला झोपवून तपासतो. आमच्याकडे पेशंट उभा असतो आणि झोपावं लागतं आम्हाला. (हशा)

कसं झोपावं लागतं ते आधी सांगतो, कारण आज मला जे म्हणायचं आहे ते त्या झोपण्यातूनच आलेलं आहे. सेसना 172 हे चार आसनांचं छोटं विमान. जगभर असंख्य वैमानिक त्याच्यावरच शिकले. त्याच्या पॅनेलमागे शिरायचं तर पुढचं आसन काढून बाहेर ठेवायचं, उताणं पडायचं आणि डोकं पेडलांखाली सरकवायचं. पाय मागच्या आसनावर, नाहीतर दाराबाहेर. आसनाचे रूळ पाठीत रुततात. घड्याळ, अंगठी आधीच काढून ठेवलेली. कपाळावर टॉर्च. वर बघावं तर तारांचे जुडगे, नळ्या, केबली, आणि त्यांच्या पलीकडे वीतभर अंतरावर तुम्हाला हवा असलेला कनेक्टर. तो दिसतो तेव्हा हात पोचत नाही. हात पोचतो तेव्हा तो हाताच्याच आड जातो. म्हणजे डोळ्यांची नोकरी बोटांनी करायची.

कुणी विचारेल, तारा सरळ जोडूनच का टाकत नाही? कारण यंत्र काढावं लागतं. पॅनेलमधला रेडिओ एका ट्रेमध्ये सरकवलेला असतो. पुढच्या बाजूच्या बारीक भोकात षटकोनी चावी घालून फिरवली की तो मागच्या कनेक्टरमधून सुटतो आणि हातात येतो. मिनिटाचं काम. कनेक्टर मात्र ट्रेच्या पाठीला तसाच राहतो. बिघाड रेडिओत असेल तर तुम्ही जेवायच्या सुट्टीआधी मोकळे. बिघाड ट्रेच्या पाठीला असेल तर दिवस गेला म्हणून समजा.

आता त्या कनेक्टरच्या पोटात काय असतं? प्रत्येक तारेच्या टोकाला एक इवलीशी पिन किंवा सॉकेट दाबून बसवलेलं. ते मागून भोकात सारायचं. नीट बसलं की आतली धातूची जिभली त्याला अडकवून धरते. सिलेंडर बदलताना रेग्युलेटर 'टक' करून बसतो ना, तसाच हा टक, पण मुंगीच्या मापाचा. हँगरच्या गोंगाटात तो ऐकू येत नाही. म्हणून बसवल्यावर तार हलकेच ओढून बघायची. हे केलं नाही तर कनेक्टर जुळवताना पिन मुकाट्यानं मागे सरकते. बाहेरून सगळं बसलेलं, आत काहीच लागलेलं नाही.

आणि क्रमांक! कनेक्टर पुढून बघितला तर एक नंबर डावीकडे, तारांच्या बाजूनं बघितला तर उजवीकडे. तुम्ही बघताय दांड्याच्या आरशात, म्हणजे डावं-उजवं पुन्हा फिरलं. वर तुम्ही उताणे. गोल कनेक्टरांवर बहुधा इंग्रजी अक्षरं असतात; त्यांतून आय, ओ आणि क्यू ही तीन मुद्दाम वगळलेली आहेत, एक आणि शून्य यांच्याशी गफलत होऊ नये म्हणून. ज्यानं ती वगळली तो माणूस कधीतरी पॅनेलखाली झोपला असणार.

एक कबुली देतो. एका फ्लाइंग क्लबच्या विमानाचा रेडिओ उतरायच्या वेळी, इंजिनाची गती कमी केली की, मुका व्हायचा. जमिनीवर आणलं की ठणठणीत. तीनदा आम्ही नोंदवहीत लिहिलं : 'तपासले, दोष आढळला नाही.' हे वाक्य आमच्या धंद्यातलं सर्वांत खोटं वाक्य आहे. खरं वाक्य 'आम्हाला आढळला नाही' असं हवं. एकदा तर रेडिओच बदलला. शेवटी बॅटरी चालू ठेवून लाकडी पट्टीनं तारांचा जुडगा हलवला, आणि खरखर आली. एकेका सॉकेटमध्ये सुटी पिन घालून बघितली. एक सॉकेट पिन धरतच नव्हतं, ढिलं पडलेलं. इंजिनाच्या गतीबरोबर थरथर बदलते. त्या एका विशिष्ट थरथरीला ते सुटत होतं.

ढिलं कुणी केलं? मी. दोन महिन्यांपूर्वी वीज पोचते का हे बघायला मीटरचं जाडं टोक मी त्याच सॉकेटात खुपसलं होतं. खरं तर त्या मापाची पिन तारेला लावून ती सॉकेटात घालायची आणि मीटर तारेला लावायचा, हे मला शिकवलेलं होतं. पण पिनांची पेटी बाहेर होती आणि मी आत. बाहेर पडून पुन्हा शिरायला लागणाऱ्या दहा मिनिटांचा मी कंटाळा केला. हे काही अज्ञान नव्हे. अडचणीच्या जागेत माणूस असाच वागतो.

मोठ्या विमानांत यावर बरीच अक्कल खर्च झाली आहे. तिथल्या एका जातीच्या गोल कनेक्टराला आतून खाचा असतात, म्हणजे चुकीच्या कोनात तो बसतच नाही. एक पूर्ण आटा फिरवला की घट्ट. आणि अंगावर एक लाल पट्टी : ती दिसत राहिली तर समजावं, पुरता बसलेला नाही. सुंदर युक्ती आहे. पण ती डोळ्यासाठी. डोळा पोचत नाही तिथं खाचा बोटांनी चाचपायच्या आणि लाल पट्टी आरशात शोधायची.

एअरबस ए-380 आठवतं? एका विमानात सुमारे 530 किलोमीटर तार. 2006 मध्ये त्याच्या वितरणाला मोठा उशीर झाला, तो इंजिनामुळे नव्हे, वायरिंगमुळे. हॅम्बुर्ग आणि तुलूज इथले अभियंते एकाच आरेखन-सॉफ्टवेअरच्या वेगवेगळ्या आवृत्त्या वापरत होते. पडद्यावर तारा पोचत होत्या, प्रत्यक्षात तोकड्या पडल्या. मग जर्मनीतून कामगार तुलूजला गेले आणि हातांनी वायरिंग करत बसले. शेवटी कोण आलं उपयोगाला? हातच.

दुसरी गोष्ट हसण्यावारी नेण्याची नाही. 2 सप्टेंबर 1998 रोजी न्यूयॉर्कहून जिनिव्हाला निघालेलं स्विसएअरचं एमडी-11 कॅनडाच्या नोव्हा स्कोशियाजवळ समुद्रात कोसळलं. 229 माणसं गेली. आग लागली ती कॉकपिटच्या छतावरच्या बंदिस्त पोकळीत, तारेच्या ठिणगीतून, आणि उष्णतारोधक आवरणावर ती पसरली. प्रवाशांच्या करमणुकीसाठी मागाहून बसवलेल्या यंत्रणेच्या एका तारेवर ठिणगीच्या खुणा सापडल्या. चौकशीला चार वर्षांहून अधिक काळ लागला. पुढे 2007 मध्ये अमेरिकेच्या नियमांनी वायरिंगला स्वतंत्र यंत्रणेचा दर्जा दिला. तोवर तार म्हणजे दोन यंत्रांच्या मधलं काहीतरी, अशीच समजूत होती.

नियम आता भरपूर आहेत. जुडग्यातल्या सर्वांत जाड तारेच्या व्यासाच्या दहापटीहून लहान त्रिज्येचं वळण नको. दोन आधारांमधला झोळ अर्ध्या इंचाहून जास्त नको. तारेला वळायला किती जागा लागते हे नकाशावर असतं. मनगटाला वळायला किती लागते हे माझ्या हाती आलेल्या एकाही नकाशावर नव्हतं. माझ्या दोन्ही हातांवर हे ओरखडे दिसतात ना, ते जुडगे बांधायच्या, तिरप्या कापलेल्या प्लास्टिकच्या पट्ट्यांचे. पूर्वी मेणाचा दोरा आणि गाठ असायची. ती हात कापत नसे.

इथं मागच्या रांगांत इंजिनिअरिंगची मुलं बसलेली दिसताहेत. तुम्ही उद्या विमानाचं, बसचं, नाहीतर एखाद्या वॉशिंग मशीनचं वायरिंग पडद्यावर काढाल. फाइल पुढे पाठवण्याआधी प्रत्येक कनेक्टरपाशी एक हात काढून बघा, मनगटासकट, बोटांत पाना धरलेला. आणि हात जरा जाडच काढा, माझ्यासारखा.