सहाशें औंसांचा तह



पश्चिम आफ्रिकेंत, आजच्या घाना देशाच्या अंतर्भागांतील अरण्यांत, सतराव्या शतकाच्या अखेरीस अशांती लोकांचें साम्राज्य उदयास आलें. कुमासी ही त्याची राजधानी. दक्षिणेस समुद्रकांठीं इंग्रजांचे किल्ले होते. त्या मुलखास ‘गोल्ड कोस्ट’, म्हणजे सुवर्णकिनारा, म्हणत. सोनें अंतर्भागांत, जहाजें किनाऱ्यावर, आणि मधल्या वाटा फान्टी प्रभृति लोकांच्या प्रदेशांतून जाणाऱ्या. या वाटांवर सत्ता कोणाची, हेंच कलहाचें मूळ होय.

१८२४ सालीं गव्हर्नर मॅकार्थी अशांती सैन्याशीं लढतांना मारला गेला. १८२६ त दोदोवा येथें अशांतींचा पराभव झाला. उभय पक्ष थकले असतां जॉर्ज मॅक्लीन या तरुण अधिकाऱ्यानें १८३१ त तह घडवून आणला. अशांतीनरेशानें दक्षिणेकडील संस्थानांवरील हक्क सोडावा, व्यापाराच्या वाटा सर्वांस खुल्या असाव्या, आणि हमी म्हणून नरेशानें सहा वर्षांसाठीं ६०० औंस सोनें व राजकुलांतील दोन तरुण इंग्रजांकडे ठेवावे, असें ठरलें. प्रा नदी ही सीमा मानली जाऊं लागली.

इंग्रजांनीं ती ठेव ठेवीसारखीच सांभाळली. सोनें परत गेलें. दोघे राजपुत्र इंग्लंडांत शिक्षण घेऊन १८४१ त कुमासीस पोहोंचले. मॅक्लीनपाशीं फौज थोडी होती. परंतु तंटे ऐकून निवाडा करण्याची त्याची हातोटी मोठी. व्यापार वाढला, आणि सुमारें तीस वर्षें मोठें युद्ध झालें नाहीं.

पुढें हा विश्वास आटला. आश्रयास आलेले दोन फरारी परत देण्यास इंग्रज गव्हर्नरानें नकार दिला, तेव्हां १८६३ त अशांती सैन्य सीमा ओलांडून आलें. १८७२ त एल्मिनाचा किल्ला डचांनीं इंग्रजांस दिला. त्यावर अशांतींचाही दावा होता. त्यांतून पेटलेल्या युद्धांत, १८७४ सालीं, वुल्सलीनें कुमासी जाळली आणि ५०,००० औंस सोन्याची खंडणी लादली. ती कधींच पुरी फिटली नाहीं. उलट, ती थकल्याचें निमित्त करून १८९६ त राजा प्रेम्पे यास कैद करून देशोधडीस लाविलें. १९०० सालीं गव्हर्नर हॉजसन यानें अशांतींचें सुवर्णासनच मागितलें. ज्यावर त्यांचा राजाही बसत नाहीं, ज्यांत प्रजेचा आत्मा वसतो अशी श्रद्धा, तें आसन! या अपमानासरशी या आसान्तेवा या वृद्ध राणीच्या नेतृत्वाखालीं लोक उठले. ते हरले, राज्य खालसा झालें. परंतु तें आसन इंग्रजांच्या हातीं लागलें नाहीं.

परत केलेल्या ६०० औंसांनीं जी शांतता राखली, ती मागितलेल्या ५०,००० औंसांस विकत घेतां आली नाहीं.