आमच्या हातमाग विभागाची गोष्ट
(वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



हातमाग विभागाविषयी चार शब्द बोलावेत, अशी आज्ञा चिटणीसबाईंनी केली. मला भाषणाची सवय नाही. हिशेबाची आहे, तीही उशिरा लागली. तेव्हा आज जे सांगणार आहे ते बरेचसे हिशेबाचेच आहे.

२०१४ साली आपण चार माग घेतले, तेव्हा नागपुरात विणकामाची वाण नव्हती. इतवारी, तांडापेठ या बाजूला पिढ्यान्‌पिढ्या कोष्टी मंडळींचे माग चालत. पुढे ते एकेक करून थांबले. अशाच एका घरातले वृद्ध विणकर आपल्याला शिकवायला आले. आपण सगळ्या त्यांना मास्तर म्हणतो. पहिल्या उन्हाळ्यात आमचा ताणा इतका तुटू लागला की मी सूत वाईट म्हणून व्यापाऱ्याशी भांडायला निघाले होते. मास्तर म्हणाले, "बाई, सुताले तहान लागली हाय." त्यांच्या घरचा माग मातीच्या खड्ड्यात, तिथे ओल टिकते, आमचे माग शहाबादी फरशीवर, आणि बाहेर मे महिन्याची झळ. कोरड्या हवेत सुती धागा ठिसूळ होतो, हे आम्हाला कुठून ठाऊक? मग कार्यालयातला कूलर मागांकडे वळवला आणि चिटणीसबाई महिनाभर पुठ्ठ्याने वारा घेत बसल्या! त्यांचे आभार मानायचे राहूनच गेले होते.

आता मुख्य गोष्ट. कापड विणले जाते म्हणजे काय होते, हे पाहायला येणाऱ्यांना मागावरच दिसते. धोटा इकडून तिकडे जातो, फणी आपटते, पावडीवर पाय पडतात. छायाचित्र काढणारेही तेवढेच काढतात. पण त्याआधीचे पाहा. आपले कापड ३६ इंच पन्ह्याचे, इंचाला ४० उभे धागे, म्हणजे १४४० धागे. पंचवीस वारांचा ताणा धरला तर ३६,००० वार सूत झाले, सुमारे ३३ किलोमीटर. येथून कामठीला जाऊन परत येण्याइतके. सुताची लडी ८४० वारांची असते, आणि एका पौंडात जितक्या लड्या तितका त्या सुताचा नंबर. २० नंबरी सुताच्या या ताण्याला ४३ लड्या लागतात. त्या लड्यांना खळ लावायची, वाळवायच्या, रहाटावर उकलायच्या, मग ताणा काढायचा. जुना ताणा संपला की त्याच्या टोकांना नव्याचे एकेक टोक जोडायचे, तेही १४४०. आमच्या हातांना या सांधणीला दोघी मिळून दीड दिवस लागतो. आणि आडव्या धाग्यासाठी कांड्या भरायच्या त्या निराळ्याच. त्यांना तर अंतच नाही.

आपण मजुरी कोणाला देत होतो? मागावर बसणारीला, मीटरच्या हिशेबाने. बाकीचे सारे "हातभार". ही रीत आपण शोधून काढली नाही, विणकरांच्या घरातूनच उचलली. तिथे बहुधा पुरुष मागावर बसे, आणि कांड्या भरणारी बायको, सासू, मुलगी "घरातच तर असते" म्हणून मजुरीच्या हिशेबाबाहेर राही. देशाच्या चौथ्या हातमाग गणनेत (२०१९-२०) ३५ लाखांवर माणसे मोजली गेली, त्यांत २५ लाखांहून अधिक स्त्रिया. विणकर वेगळे आणि सहायक कामगार वेगळे, अशी विभागणी तिथेही आहे. पण निदान मोजले तरी. आपण स्त्रियांचे मंडळ असून मोजले नव्हते.

२०१८ च्या पावसाळ्यात कांड्या भरणाऱ्या आपल्या एक भगिनी येईनाशा झाल्या. रागावल्या नव्हत्या, भांडल्याही नाहीत. एका घरी पोळ्यांचे काम मिळाले होते, त्याचे पैसे मिळत होते. आठ दिवसांत चारही माग बंद. मी त्यांच्या घरी गेले आणि, आज सांगायला लाज वाटते, "मंडळाचे काम आहे, थोडी सेवा म्हणून या" असे म्हणाले. त्यांनी चहा दिला, आणि म्हणाल्या, "ताई, मागावरची बाई सेवा करते का?"

त्यानंतर खजिनदारबाईंनी एक महिना वही घातली. कोण किती तास काय करते, सगळे लिहिले. मागावरच्या प्रत्येक दिवसामागे तयारीचा जवळजवळ तेवढाच वेळ निघाला. त्यालाही तोच दर लावावा, असा ठराव कार्यकारिणीपुढे आला तेव्हा मी विरोधात हात वर केला होता. इतिवृत्तात ते आहे. विभाग बुडेल अशी माझी खात्री होती, आणि मी अगदीच चुकले असेही नाही: टॉवेलचा भाव तिसऱ्या हिश्शाने चढला आणि टॉवेल घेणाऱ्या दुकानदाराने मागणी बंद केली. त्याला दोष कसा द्यावा? सोलापूरचा यंत्रमागावरचा टॉवेल त्याला पुष्कळ स्वस्त मिळतो. काही वाण हातमागासाठी राखून ठेवणारा कायदा १९८५ साली झाला खरा. पण आरंभीच्या २२ वाणांपैकी १९९६ नंतर ११ उरले, आणि कायद्याने गिऱ्हाईक दारात येत नाही.

टॉवेल सोडले. आता कुडत्याचे जाड कापड, तेही आगाऊ मागणी घेऊनच विणतो. चारांपैकी दोन माग चालतात. तिसऱ्यावर नव्या मुली शिकतात, चौथ्यावर कापड घालून ठेवले आहे. ते पाहून मला अजून वाईट वाटते. पोळ्यांचे काम करणाऱ्या त्या भगिनी सकाळचे ते घर ठेवून दुपारी आपल्याकडे येतात. समोर तिसऱ्या रांगेत बसल्या आहेत, त्यांचे नाव घेतलेले त्यांना आवडणार नाही.

विभागाच्या दाराशी दरांचा तक्ता लावला आहे: खळ, उकलणे, ताणा, सांधणी, कांड्या, विणणे. येत्या सोमवारी दुपारी दोन वाजता नव्या ताण्याची सांधणी आहे. चार हात कमी पडताहेत. ज्यांची नजर चांगली आहे त्यांनी यावे. चश्मा असेल तर तो घेऊन यावे.