आगोटची बेगमी : एक विसरलेला गृहस्थधर्म

(कुटुंब मेळाव्यात झालेल्या भाषणाचे संपादित शब्दांकन)



कोकणात पावसाळ्याच्या तोंडाला 'आगोट' म्हणतात. मृग लागण्यापूर्वी घर शाकारले जाई, सरपण माळ्यावर चढे, मीठ, डाळी, पापड, सुकी मासळी यांची बेगमी होई. चार महिने वाट बंद होऊ शकते, हे गृहीत धरूनच ती गृहिणी संसार मांडत असे. या तयारीत भय नव्हते, व्यवहारातले शहाणपण होते.

आज दूध पहाटे दारात येते, किराणा सांगितल्याबरोबर पोहोचतो. ही सोय वाईट नाही. परंतु तिच्याबरोबर एक समज घरात शिरली आहे : संकट आले तर कोणीतरी येईलच. आणि तिच्या जोडीला दुसरी : आमच्याकडे असे काही होत नाही.

या दुसऱ्या समजुतीची किंमत महाराष्ट्राने मोजली आहे. किल्लारीचा परिसर भूकंपाच्या दृष्टीने सर्वांत कमी धोक्याचा मानला जात होता. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे दगड-मातीच्या जाड भिंती आणि माळवदांची जड छपरे झोपलेल्या माणसांवर कोसळली आणि हजारो जीव गेले. २०१९च्या ऑगस्टमध्ये सांगलीत अनेक कुटुंबे २००५च्या पुराची खूण पाहून घरात थांबली. कृष्णेने ती खूण ओलांडली. आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट असता पाणी ५७ फुटांच्या आसपास गेले. मागच्या पुराची रेषा ही पुढच्या पुराची मर्यादा नसते, हा त्याचा धडा.

आता पहिली समजूत. २००५मध्ये आपत्ती व्यवस्थापन कायदा झाला, राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल उभे राहिले. त्याची एक तुकडी पुण्याजवळ सुदुंबरे येथे असते. त्या जवानांच्या धैर्याविषयी शंका नाही. पण जुलै २०२१मध्ये महाडजवळच्या तळिये गावावर दरड कोसळली, तेव्हा पाण्याखाली गेलेल्या रस्त्यांमुळे मदतीला पोहोचायला विलंब झाला. २६ जुलै २००५ला सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. दूरध्वनी कोलमडले, लोकल थांबल्या, लाखो माणसे वाटेत अडकली. त्या रात्री मुंबईकरांना आधार दिला तो अनोळखी माणसांसाठी उघडलेल्या दारांनी, वाटेत चहा-बिस्किटे वाटणाऱ्या हातांनी. तात्पर्य असे की, पहिले काही तास, प्रसंगी पहिला दिवस, घराचा आणि शेजाऱ्यांचा असतो.

मग घराने काय करावे? प्रथम एक पिशवी भरून दाराजवळ ठेवावी. तीत आधार, शिधापत्रिका, घराची व विम्याची कागदपत्रे यांच्या प्रती प्लास्टिकमध्ये बांधून. नित्याची औषधे आठवडाभराची. विजेरी, शिट्टी, लहान नोटांची काही रोकड, पॉवर बँक, बॅटरीवरचा रेडिओ असावा. गूळ-शेंगदाणे, चिवडा, पोहे हे न शिजवता खाता येणारे पदार्थ असावेत. पाण्याचा हिशेब माणशी दिवसाला निदान तीन लिटर. पाच जणांच्या घराला तीन दिवसांसाठी ४५ लिटर. हे पाणी झाकून साठवावे आणि ठरावीक दिवसांनी बदलावे.

परंतु पिशवी म्हणजे तयारी नव्हे. कोणी काय करायचे, हे ठरणे म्हणजे तयारी. गॅसचा रेग्युलेटर कोण बंद करणार? विजेचा मुख्य खटका कुठे आहे, हे दहा वर्षांच्या मुलाला ठाऊक आहे का? आजोबांना जिन्यावरून कोण उतरवणार? फोन लागले नाहीत तर सर्वांनी कोठे जमायचे? परगावातील एका नातेवाइकाचा क्रमांक घरातील प्रत्येकाला पाठ असावा, म्हणजे निरोप त्याच्याकडे गोळा होतील. ११२, १०१, १०८ आणि जिल्हा नियंत्रण कक्षाचा १०७७ हे क्रमांक भिंतीवर कागदावर लिहिलेले हवेत. बंद पडलेल्या मोबाइलमधील क्रमांकाचा उपयोग नसतो.

काही नियम मात्र अंगवळणीच पडले पाहिजेत. वाहते पाणी गुडघ्याएवढे दिसले तरी त्यात उतरू नये, वाहन तर घालूच नये. धरणीकंपात घरात असाल तर भक्कम टेबलाखाली बसून डोके झाकावे, लिफ्टचा वापर करू नये. पूर ओसरल्यावर पाणी उकळूनच प्यावे. चिखलात वावरावे लागले असेल आणि ताप आला, तर लेप्टोस्पायरोसिसची शक्यता ध्यानी घेऊन त्वरित वैद्यकीय सल्ला घ्यावा. २००५च्या पुरानंतर मुंबईत या रोगाने अनेकांचे बळी घेतले.

आणि शेवटी, आपला उंबरठा ओलांडून पाहावे. आपल्या इमारतीत एकट्या राहणाऱ्या आजी कोण, ऑक्सिजनवर असलेला रुग्ण कोणत्या मजल्यावर, पोहता कोणाला येते, परिचारिका कोण आहे, याची यादी एका संध्याकाळी होऊ शकते. ज्यांचे नावही आपल्याला माहीत नाही, त्यांच्या मदतीला आपण ऐन वेळी कसे धावणार?

तहान लागल्यावर विहीर खणू नये, हे आपल्या घरांत पिढ्यान्पिढ्या सांगितले गेले. येत्या रविवारी जेवणानंतर अर्धा तास काढा. कुटुंबातील सर्वांना बसवा, कामे वाटून द्या आणि दिवे मालवून एकदा घराबाहेर पडून पाहा. मुलांना तो खेळ वाटेल, वाटू द्या. प्रसंग आला तर तोच खेळ त्यांना वाट दाखवील.