प्रोग्राम कोसळतो कुठे, चूक असते कुठे



जुन्या टर्मिनल प्रोग्रामबद्दल एक तक्रार मी पुण्यात वर्षानुवर्षे ऐकत आलो आहे. टाइप करताना तो दिवसभर नीट चालतो, पण फाइल घ्यायला लागलो की कोसळतो. भोसरी-चाकणच्या ज्या कारखान्यांत अजून आरएस-२३२ केबलीवरून सीएनसी यंत्राला प्रोग्राम पाठवतात, तिथे हा अनुभव अनेकांना असेल. अशा वेळी लोक आधी केबल बदलतात. माझा आग्रह असा की केबलीला हात लावण्यापूर्वी एक प्रश्न विचारावा: समोरून आलेल्या कोणत्या आकड्यावर या प्रोग्रामने न तपासता विश्वास ठेवला?

टाइप करताना हा दोष दिसत नाही, कारण माणसाच्या बोटांचा वेग तो किती असणार? ९६०० बॉडवर मात्र सेकंदाला ९६० अक्षरे येतात, म्हणजे मिलिसेकंदाला जवळजवळ एक. जुनी ८२५० चिप एका वेळी एकच अक्षर धरून ठेवी. संगणक डिस्कवर लिहिण्यात गुंतला, की आधीचे अक्षर उचलण्यापूर्वीच पुढचे त्याच्यावर येऊन बसे. पुढे १६५५०ए चिपने सोळा अक्षरांची जागा दिली आणि बराच त्रास कमी झाला. पण अक्षर गळणे वेगळे आणि प्रोग्राम कोसळणे वेगळे. गळती होणार हे गृहीत धरूनच वॉर्ड क्रिस्टेन्सन यांनी १९७७ मध्ये एक्समोडेम लिहिला: १२८ बाइटांचा तुकडा, शेवटी बेरजेची पडताळणी, जुळली नाही तर तोच तुकडा पुन्हा. १९८६ च्या सुमारास चक फोर्सबर्ग यांचा झेडमोडेम आला. त्यातला तुकडा १०२४ बाइटांपर्यंतचा; पण काही प्रोग्राम पुढे ८१९२ बाइटांचे तुकडे पाठवू लागले. घेणाऱ्याने १०२४ चीच जागा राखलेली असेल आणि मोजणी केली नसेल, तर उरलेले बाइट शेजारच्या स्मृतीवर पसरतात. केबल निर्दोष, फाइलही निर्दोष, आणि प्रोग्राम मात्र जमीनदोस्त.

याच जातीचे एक प्रकरण मी तपशिलात सांगतो, कारण त्याचा मूळ कोड कोणालाही वाचता येतो. पुटी हा टर्मिनल प्रोग्राम आपल्यापैकी अनेकांच्या संगणकावर असेल. त्याच्यासोबत फाइल आणण्यासाठी पीएससीपी नावाचा जोडीदार येतो. जुन्या एससीपी पद्धतीत सर्व्हर फाइलच्या आधी एक ओळ पाठवतो: फाइलच्या परवानग्या, आकार आणि नाव. आकाराचे आकडे उतरवून घ्यायला पीएससीपीने ४० बाइटांची जागा ठेवली होती, पण किती आकडे उतरवायचे याला मर्यादा घातली नव्हती. खऱ्या फाइलचा आकार चाळीस अंकी कधीच नसतो, म्हणून चूक निवांत पडून राहिली. वाकड्या हेतूच्या सर्व्हरने तिथे शेकडो अंक पाठवले, तर ते स्टॅकवर पुढे सरकत त्या जागी पोचू शकतात, जिथे फंक्शन संपल्यावर परत कुठे जायचे तो पत्ता ठेवलेला असतो. मार्च २०१६ मध्ये ०.६७ आवृत्तीत ही चूक दुरुस्त झाली.

आता निदान. समजा, अशा प्रोग्रामचा क्रॅश अहवाल तुमच्यासमोर आहे आणि ज्या पत्त्यावर तो कोसळला तो आहे ३१३१३१३१. सवयीची नजर इथेच थांबते. आस्की संकेतात '१' या अंकाचे मूल्य सोळाच्या पायावर ३१. म्हणजे हा स्मृतीचा पत्ता नव्हेच. समोरून आलेले चार एक्के पत्त्याच्या जागी जाऊन बसले आहेत! प्रोग्राम पडला फंक्शनच्या शेवटी; घाव बसला होता कितीतरी आधी, ती ओळ वाचताना. म्हणून क्रॅशच्या ओळीकडे टक लावून बसण्यापेक्षा त्याआधी आलेल्या बाइटांची नोंद पाहावी. नोंद नसेल तर सत्र नोंदीसह पुन्हा चालवावे, मग फाइल अर्धी, पाव करत नेमका कोणता तुकडा प्रोग्राम पाडतो ते शोधावे. हे काम कंटाळवाणे आहे. मला ते फार मोलाचे वाटते.

क्रॅश किमान आरडाओरडा तरी करतो. याहून घातक तो बिघाड, ज्यात काहीच कोसळत नाही. आपल्या पुण्यातल्या सी-डॅकच्या जिस्ट तंत्राने टर्मिनलवर देवनागरी आणली. त्यामागचा इस्की संकेत, १९९१ चे भारतीय मानक, आठ बिटांचा. मध्ये एखादा जोड सात बिटांचा असला, तर आठवा बिट गळतो आणि 'क' च्या जागी ३, 'ख' च्या जागी ४, 'ग' च्या जागी ५ उमटतो. आठवा बिट वाटेतच गळाला आणि पडताळणी त्यानंतर झाली, तर सगळे बरोबर असल्याचाच निर्वाळा मिळतो, आणि मराठी मजकूर मात्र गेलेला असतो.

प्रोग्राम न चालवताच मर्यादेबाहेर लिहिण्यासारख्या चुका शोधता येतात का? या प्रश्नावर आपल्या शहरात मोठे काम झाले आहे. १९८१ मध्ये इथे सुरू झालेल्या टाटा रिसर्च डेव्हलपमेंट अँड डिझाइन सेंटरच्या परंपरेतले संशोधक कोड वाचूनच सांगणारी साधने घडवत आले: इथे मर्यादेबाहेर लिहिले जाईल, इथे शून्याने भागाकार होईल. त्यांचे व्हेरिअ‍ॅब्स हे साधन २०२० च्या आंतरराष्ट्रीय सॉफ्टवेअर पडताळणी स्पर्धेत, चुकीच्या जागेपर्यंत प्रोग्राम पोचू शकतो का हे ठरवण्याच्या गटात, पहिले आले. पुण्याला याचा अभिमान असायला हवा. तो पुरेसा आहे असे मला वाटत नाही.

पण कारखान्यातल्या जुन्या प्रोग्रामचा मूळ कोड बहुधा हाती नसतो. तिथे बाइटांची नोंदच कामाला येते. आणि नवी आवृत्ती बसवल्यावर चूक गेली असे लगेच म्हणू नका. ज्या फाइलमुळे जुनी आवृत्ती कोसळली, तीच फाइल आधी जुन्या आवृत्तीला द्या. ती पुन्हा कोसळली पाहिजे. मग तीच फाइल, त्याच वेगाने, त्याच केबलीवरून नव्या आवृत्तीला द्या.