बॅटरीचा पंप आणि दांड्याचा पंप
(आंजी (मोठी) येथील बैठकीत केलेले भाषण)



आज मी कापसाच्या भावाबद्दल बोलणार नाही. ते बोलणं आपलं बारमाही चालूच आहे. आज फवारणीच्या पंपाबद्दल बोलतो. आर्वी रस्त्याने इकडे येताना तीन वावरांच्या धुऱ्यावर तीन जण पंप उघडून बसलेले दिसले. तिन्ही पंप बॅटरीचे होते आणि तिघांच्याही पऱ्हाटीवर तुडतुडे होते.

तुम्हाला ठाऊक आहे, आठ-आठ दिवस झड लागते, मग दोन दिवस उघाड मिळते. फवारणी त्या दोन दिवसांत झाली तर झाली. पंप दुकानात कसा सूं-सूं चालून दाखवला याला काही किंमत नाही. त्या दोन दिवसांत तो चालला का, एवढंच आपण विचारायचं.

दांड्याच्या पंपाचं कौतुक करायला मी उभा नाही. कृषी महाविद्यालयात प्रात्यक्षिकाला तो अर्धा तास माझ्या पाठीवर होता, तेवढ्यात खांदा निघाला. तुम्ही तो दिवसभर वाहता. पण त्यात बिघडण्यासारखं काय आहे? वायसर झिजतो, नोझलमध्ये कचरा अडकतो. वायसर गावात मिळतो. नोझल काडीने साफ होतं. (तोंडाने फुंकू नका, हात जोडून सांगतो. तो बॅटरीचा असो की दांड्याचा, नोझल तोंडाला लावायचं नाही.)

आता बॅटरीचा. साध्या पंपात बारा व्होल्टची, आठ अँपिअर-तासाची शिशाची बॅटरी असते. बारा गुणिले आठ म्हणजे 96 वॅट-तास, एक दशांश युनिटही नाही. विजेचा खर्च म्हणाल तर नगण्य. पण वाढलेल्या पऱ्हाटीला एकरी 200 लिटर पाणी लागतं. सोळा लिटरच्या टाकीने साडेबारा टाक्या. नवी बॅटरी एका चार्जमध्ये जेमतेम तेवढंच काम देते. दुसऱ्या वर्षी ती सहा-सात टाक्यांवर येते आणि उरलेला अर्धा एकर दुसऱ्या दिवसावर जातो. रात्री चार्जिंगला लावावी तर वादळात लाइन गेलेली. म्हणजे वायर तोडून आणलेलं यंत्र शेवटी वायरीच्याच दारात उभं!

या बॅटऱ्या बहुतेक वावरात मरत नाहीत, घरात मरतात. शेवटची फवारणी झाली की पंप तसाच कोठ्यात टांगतो. उतरलेली शिशाची बॅटरी तशीच पडून राहिली की आतल्या पाट्यांवर क्षार धरतो, तो कडक होतो आणि जुलैत कितीही चार्ज केली तरी ती भरत नाही. ठेवण्याआधी पूर्ण चार्ज करा, उन्हाळ्यात दर दीड-दोन महिन्यांनी एकदा चार्जरला लावा. तेवढ्याने तिचं आयुष्य वाढतं. लिथियमची बॅटरी हलकी असते, जास्त वर्षं जाते. पण तिला तिचाच चार्जर लागतो, आणि आतलं सर्किट गेलं तर ते खोलणारा मिस्त्री गावात नसतो.

माझंच सांगतो. एक पंप घेतला, बरा होता. दुसऱ्या पावसाळ्यात ऐन उघाडीत बंद पडला. दुकानदार म्हणाला, नागपूरला पाठवतो, आठ दिवस लागतील. बिघाड काय होता? स्विचची एक तार सुटली होती. खोका असा चिकटवून बंद केलेला, की फोडल्याशिवाय ती तार दिसत नव्हती. शेवटी शेजाऱ्याचा दांड्याचा पंप मागून आणला.

दुसरी गोष्ट बिघाडाहून वाईट आहे. पंप नीट चालतो आणि तरी घात करतो. पेट्रोलच्या पॉवर पंपाला पाणी कमी लागतं, म्हणून त्यासाठी पाण्यात औषधाचं प्रमाण तिप्पट सांगतात. आपले काही भाऊ बॅटरीच्या पंपालाही पॉवर पंप समजून तिप्पट औषध ओततात. तो साधाच पंप आहे, दांडा मारायचं काम फक्त मोटर करते. त्यातून तो मिनिटाला जास्त पाणी फेकतो. समजा दांड्याचा 700 मिली फेकत होता आणि हा 1400 फेकतो, तर चाल तीच ठेवली की एकरी औषध दुप्पट गेलं. तिप्पट ओतलं असेल तर सहापट. पैसा गेला तो गेलाच, अंगावर किती आलं? 2017 साली शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना वीसच्या वर शेतकरी-शेतमजूर दगावले, शेकडो दवाखान्यात गेले. कारणं अनेक होती. पऱ्हाटी डोक्याइतकी उंच, औषधांची मिसळ, दमट हवा, अंगावर काही संरक्षण नाही. जास्त जोराच्या पंपांचीही तेव्हा चर्चा झाली.

ज्वारीकडे येतो. रानडुकरं आणि रोही यांच्यापायी ज्वारी सोडलेले किती जण इथे आहेत? हात वर करा. बघा. झटका मशीन हाही बॅटरीचाच खेळ. सेकंदाला एक धक्का, जनावर पळतं, मरत नाही. पण झडीत सौर पाटीला ऊन मिळत नाही, तारेला गवत टेकलं की करंट जमिनीत उतरतो, आणि एका रात्रीत डुकरं पाटच्या पाट लोळवतात. मग राग येतो आणि माणूस घरची लाइन सरळ तारेला जोडतो. ती लाइन मात्र कधी दगा देत नाही! सकाळी त्या तारेला शेजाऱ्याचा पोरगा चिकटलेला सापडतो. गुन्हा आहे तो, पण गुन्ह्याचं नंतर. तारेखालचं गवत आठवड्याला कापा, झडीच्या दिवसांत बॅटरी घरी चार्ज करून नेऊन लावा. लाइन जोडू नका.

संघटनेच्या सभेत गांधीबाबा कशाला, असं कुणी म्हणेल. पण 1929 साली त्यांच्या चरखा संघाने सुधारित चरख्यासाठी एक लाख रुपयांचं बक्षीस लावलं होतं. अटी ऐका. किंमत दीडशे रुपयांच्या वर नको, वीस वर्षं टिकला पाहिजे, दुरुस्तीचा वर्षाचा खर्च किमतीच्या पाच टक्क्यांपेक्षा जास्त नको. बक्षीस कुणालाच मिळालं नाही. पण ती अट आज कोणता कारखानदार आपल्या पंपावर लिहून देतो? 2024 साली सरकारने बॅटरीचे पंप शंभर टक्के अनुदानावर वाटायला काढले. पंप फुकट, मग बॅटरी गेल्यावर कुणाच्या दारात जायचं? आपलं मागणं साधं आहे. सुटी बॅटरी, वायसर, स्विच तालुक्याला मिळाले पाहिजेत. खोका स्क्रूचा पाहिजे, चिकटवलेला नको. हे लेखी मिळत नसेल तर पंप घेऊ नका.

आणि दांड्याचा पंप भंगारात घालू नका. वायसर बदलून, तेल देऊन कोठ्यात टांगून ठेवा.

पुढच्या बैठकीला येताना प्रत्येकाने आपापला पंप आणावा, साधं पाणी भरून. मी बादली, मापाचा डबा आणि घड्याळ आणतो. कुणाचा पंप मिनिटाला किती फेकतो ते इथेच मोजू आणि टाकीवर रंगाने लिहून टाकू. ज्यांचा बंद आहे त्यांनी तर आणावाच, उघडून बघू. स्क्रू-ड्रायव्हर मी आणीन.