गाडीचा हप्ता आणि कापसाचा चुकारा

मागच्या बैठकीत बचतीचा हिशेब झाला, सगळ्या उठल्या, एक ताई मात्र बसूनच राहिली. म्हणाली, "पोरगा मोठ्या गाडीसाठी हटून बसला हाय. सात सीटची पायजे म्हणते. कर्जाच्या कागदावर माही सही लागन म्हणतात. करू का नाई?"

आधी त्या सहीचं बोलू. ती सही सहकर्जदाराची असते, साक्षीदाराची नाही. पोराचा हप्ता थकला तर बँक सगळी रक्कम आईकडेही मागू शकते. म्हणून सहीआधी आकडा.

१० लाखांचं कर्ज, १० टक्के व्याज, ७ वर्षं मुदत धरा. महिन्याचा हप्ता येतो सुमारे १६,६०० रुपये. ८४ हप्त्यांत जवळजवळ १३ लाख ९४ हजार भरावे लागतात. वर्षाला होतात १ लाख ९९ हजार. आता हे आपल्या मापानं मोजू. २०२५-२६ चा लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव ८,११० रुपये. म्हणजे दरवर्षी २५ क्विंटल कापूस नुसत्या हप्त्याला. कोरडवाहू वावरात एकरी ५-६ क्विंटल धरला, तर चार-पाच एकरांचं पीक गेलं. बियाणं, फवारणी, वेचणीची मजुरी, हे तर अजून काढलंच नाही! शिवाय चुकारा येतो हंगामात आणि हप्ता येतो दर महिन्याला, आषाढातही. काही ठिकाणी सहामाही हप्ता बांधून मिळतो, तो विचारूनच घ्या.

डिझेल, विमा, टायर वेगळे. लिटरला १५ किलोमीटर आणि डिझेल ९० रुपये धरलं, तर किलोमीटरमागे ६ रुपये. यवतमाळहून नागपूरला जाऊन यायचं म्हणजे तीनशे किलोमीटर, १,८०० रुपये. एसटीत आपल्याला मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट आहे, हे पोरांच्या हिशेबात कधीच नसतं.

त्या ताईच्या घरी आम्ही भिंतीवरचं मागच्या वर्षीचं कॅलेंडर काढलं. घरातले चाराहून जास्त जण एकत्र कुठं गेले, त्या तारखांवर खुणा केल्या. लग्नं, माहूरची वारी, एक बाळंतपण, एक मयत. भरले ११ दिवस. दर दिवशी २०० किलोमीटर आणि भाड्याचे किलोमीटरला १४ रुपये धरले, तरी ३०,८०० रुपये. पोरगा गप्प झाला. मग हळूच म्हणाला, "पण पोरीवाले दारात काय उभं हाय ते पाह्यतात."

बायांनो, खरं कारण हे आहे. शेतकऱ्याच्या पोराला पोरगी मिळत नाही, हे दुःख मी हसण्यावारी नेणार नाही. पण मला विचाराल तर पोरीच्या बापानं दारातल्या गाडीआधी घरावरचं कर्ज विचारावं. आपणही पोरी देतोच की.

गाडी घेऊच नये असं मी म्हणत नाही. घरात पगार येत असेल, किंवा कुणाला आठवड्यातून दोनदा डायलिसिसला न्यावं लागत असेल, तर हिशेब बदलतो. भाड्यानं चालवायची तर पिवळी पाटी आणि परवाना घेऊनच. पांढऱ्या पाटीवर पैसे घेऊन माणसं नेली आणि अपघात झाला, तर विमा कंपनी हात वर करू शकते.

घ्यायचीच तर लांबी पाहा. २२ सप्टेंबर २०२५ पासून ४ मीटरच्या आतल्या आणि छोट्या इंजिनच्या गाडीवर, म्हणजे पेट्रोल १२०० किंवा डिझेल १५०० सीसीपर्यंत, जीएसटी १८ टक्के आहे. मोठीवर ४० टक्के. आपल्या ओळखीची बोलेरो १८ मध्ये बसते, स्कॉर्पिओ आणि क्रेटा ४० मध्ये. वावरात जायला मोठीच पाहिजे, हेही खरं नाही. पावसाळ्यात आपल्या काळ्या चिखलात तीही रुतते, मग बैलच लावावे लागतात.

आणि पहिली रक्कम भरायला गटातून कर्ज उचलू नका. तो पैसा बियाण्याच्या आणि दवाखान्याच्या वेळचा आहे.

त्या ताईनं सही अजून केलेली नाही. पोरगा दोन दिवस जेवताना बोलला नाही म्हणे. संक्रांतीनंतर चुकारा हाती आला की कॅलेंडर घेऊन पुन्हा बसू, असं तिनं घरात सांगून ठेवलं आहे.