चौथ्या चरणातली उणी दोन अक्षरं



शेगावची गजानन महाराजांची पालखी पंढरपूरहून परतताना जालना, सिंदखेडराजा करत बीबी या गावी येते आणि पुढे लोणार, मेहकरकडे निघते. त्यामुळे बीबीच्या माणसाला अभंग कसा ऐकावा हे शिकवायला जाणं म्हणजे आगाऊपणाच. टाळी कुठे पडते, ध्रुपद कुठे उचलायचं, बुवांनी ओळ सोडली की मागच्यांनी ती कशी झेलायची, हे तिथल्या पोराटोरांनाही ठाऊक असतं. तोच कान घेऊन आज जरा वेगळ्या ठिकाणी जाऊ. चर्चमध्ये पेटी, टाळ आणि तबल्यावर जी मराठी भजनं गायली जातात, ती कशी ऐकायची ते पाहू. त्यातलीही सगळी नाहीत. माणूस देवाकडे काहीतरी मागतोय, ते मिळत नाहीये, पलीकडे कुणी ऐकतंय का याचीही खात्री उरलेली नाही, तरी तो मागायचं थांबत नाही, अशा प्रार्थनेच्या गाण्यांबद्दलच बोलतो.

आधी माप घेऊ. मोठ्या अभंगात चार चरण असतात. पहिल्या तिघांत सहा-सहा अक्षरं, चौथ्यात फक्त चार. यमक दुसऱ्या आणि तिसऱ्यात. नुसतं माप कळावं म्हणून मी चार चरण जुळवलेत, त्यांना कविता समजू नका:

किती हाका मारू
उभा दारापाशी
पाऊस आकाशी
दिसेना का

बोटांवर मोजा. सहा, सहा, सहा आणि चार. 'दारापाशी'ला 'आकाशी' भेटलं, कान सुखावला, आता पुढचा चरणही तसाच भरलेला येणार असं वाटतं आणि ओळ दोन अक्षरं आधीच संपते. वाचताना हे जाणवत नाही, गाताना जाणवतं, कारण ताल काही दोन अक्षरांसाठी थांबत नाही. ती उणीव गाणाऱ्याला स्वर लांबवून भरावी लागते. 'का' ओढावा लागतो. ओढलेल्या त्या 'का'मध्ये तक्रार करायची, विनवणी करायची की नुसतं थकून बसायचं, हे गाणाऱ्याच्या हातात. प्रार्थनेच्या अभंगाची सगळी कसोटी माझ्या मते इथे आहे. चौथा चरण घाईने उरकणारा गवय्या कितीही गोड गळ्याचा असो, त्याला मागणं कळलेलं नाही.

हे माप ख्रिस्ती भजनात मुरवलं ते रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी. त्यांच्या आधीही प्रयत्न झाले होते. गोव्यात फादर थॉमस स्टीफन्सनं १६१६ साली ओवीबद्ध 'ख्रिस्तपुराण' छापून घेतलं होतं. एकोणिसाव्या शतकात अहमदनगरला ख्रिस्ती कीर्तनं होऊ लागली. बीबीच्या जवळच, जालन्याशेजारी, नारायण शेषाद्रींनी बेथेल नावाची ख्रिस्ती वस्ती उभारली होती. तरी चर्चमध्ये इंग्रजी चालींवर बेतलेली गीतं बरीच गायली जात. चाल एकीकडे, मराठी शब्दांचा आघात भलतीकडे, असा प्रकार. टिळक कोकणातले, करजगावचे, जन्म १८६१ चा, आणि तुकारामांवर पोसलेले. तुकारामांच्या वाटेनेच आपण ख्रिस्तापाशी पोचलो, असं ते उघड सांगत. 'अभंगांजली'तल्या त्यांच्या अभंगांत तुकोबांच्या नाममुद्रेच्या जागी 'दास' येतो. ख्रिस्ती मंडळींच्या 'उपासना संगीत' या पुस्तकात त्यांची कितीतरी पदं आहेत. स्पष्ट बोलायचं तर सगळीच काही सारख्या तोलाची नाहीत. काहींत उपदेशक कवीच्या पुढे बसलेला दिसतो. पण जिथे ते मागणं मागतात, तिथे त्यांच्यासारखे तेच.

हे मागणं कुठल्या आयुष्यातून आलं तेही ऐकून ठेवा, म्हणजे गाणं निराळं ऐकू येईल. नागपूरहून राजनांदगावला जाताना रेल्वेच्या डब्यात एका युरोपियन प्रवाशानं टिळकांना 'नवा करार' दिला. फेब्रुवारी १८९५ मध्ये मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. घरावर जणू वीज कोसळली. पत्नी लक्ष्मीबाई मुलाला घेऊन नातेवाइकांकडे राहिल्या. त्यातले काही दिवस त्या पंढरपुरात होत्या. नवऱ्याचा धर्म गेला, आपला संसार गेला, आणि समोर विठोबाचं देऊळ! या बाईनं त्या काळात देवाला काय काय विचारलं असेल, ते ओळखायला फारशी कल्पनाशक्ती लागत नाही. काही वर्षांनी त्या टिळकांकडे परतल्या, पण त्यांचा धर्म घ्यायला नव्हे. सोवळंओवळं पाळत, स्वतःची चूल वेगळी ठेवत त्यांनी स्वतःशी वाद घातला आणि १९०० साली स्वतःच्या मनानं बाप्तिस्मा घेतला. ते दिवस दुष्काळाचे, त्यात प्लेगची साथ. अहमदनगरच्या मिशनमध्ये दुष्काळात अनाथ झालेली मुलं येत होती. विश्वास ठेवायला तो काळ मुळीच सोयीचा नव्हता. हे सगळं लक्ष्मीबाईंच्या 'स्मृतिचित्रे' या आत्मचरित्रात आहे, आणि मराठीत असं हसत-हसत रडवणारं दुसरं पुस्तक मला माहीत नाही.

टिळक १९१९ च्या मे महिन्यात गेले. ख्रिस्ताच्या चरित्रावरचं त्यांचं महाकाव्य 'ख्रिस्तायन' अकरा अध्यायांवर अडकलं होतं. ज्या बाईला नवऱ्यानं घरीच जेमतेम लिहा-वाचायला शिकवलं, तिनं पुढचे ६४ अध्याय रचले. ते छापून आलं १९३८ साली, लक्ष्मीबाईंच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनी. चिकाटी कशाला म्हणतात ते त्या ६४ अध्यायांत बघावं. काव्यगुणांवर वाद घालायचा असेल तर खुशाल घाला.

आता पुन्हा कानाकडे. प्रार्थनेच्या भजनात ध्रुपद फिरून फिरून येतं, आणि नवख्याला वाटतं, हे तेच तेच काय चाललंय? इथेच थोडं थांबायला हवं. मूळ बायबलमध्येच ही पुनरुक्ती आहे. स्तोत्रसंहितेतली १५० स्तोत्रं म्हणजे इस्राएल लोकांची भजनंच. त्यांत गाऱ्हाण्यांची स्तोत्रं इतकी आहेत की स्तुतीच ऐकायला आलेला माणूस बिचकावा. तेरावं स्तोत्र सहाच कडव्यांचं, पण पहिल्या दोन कडव्यांत देवाला चार वेळा विचारलंय की आणखी किती काळ? पाचव्या कडव्यात गाणारा एकदम वळतो आणि भरवसा बोलून दाखवतो. मधे काय घडलं, ते स्तोत्र सांगत नाही. उत्तर आल्याचं कुठेही म्हटलेलं नाही. अठ्ठ्याऐंशीव्या स्तोत्रात तर ते वळणही नाही, ते अंधारापाशीच संपतं. ज्यांनी बायबल एकत्र केलं त्यांनी असं स्तोत्र गाळलं नाही, याचं मला नेहमी कौतुक वाटतं. आणि गेथशेमाने बागेत खुद्द येशूनं तीन वेळा प्रार्थना केली, तीही जवळपास त्याच शब्दांत. मागणं मान्य झालं नाही.

लूकच्या अठराव्या अध्यायात विधवेची गोष्ट आहे. देवाला न भिणारा, माणसाला न जुमानणारा न्यायाधीश, आणि रोज त्याच्या दारात येऊन न्याय मागणारी बाई. पीकविम्यासाठी किंवा कर्जमाफीसाठी कचेरीचे उंबरे झिजवलेल्या माणसाला ही गोष्ट फोड करून सांगावी लागत नाही. न्यायाधीश शेवटी कटकट टळावी म्हणून निकाल देतो! देवाची तुलना अशा माणसाशी करण्यात जो खट्याळपणा आहे, तो प्रवचनात बहुधा हरवतो, भजनात मात्र कधीमधी सापडतो. देवाशी भांडणाऱ्या नामदेव-जनाबाईंचे अभंग ऐकून वाढलेल्यांना तो लगेच ओळखू येईल.

तेव्हा ऐकताना एक करा. ध्रुपद पहिल्यांदा आलं की त्याचा अर्थ मनात धरा. मग एक कडवं जाऊ द्या. ध्रुपद परत आलं की बघा, तेच शब्द आता कोण बोलतंय? पहिल्यांदा मागणारा होता, दुसऱ्यांदा चिडलेला, तिसऱ्यांदा कदाचित नुसता दारात बसून राहिलेला. शब्द हलत नाहीत, माणूस हलतो. चांगला गाणारा प्रत्येक वेळी ध्रुपदाची उचल किंचित बदलतो. कधी अर्धी मात्रा उशिरा, कधी खालच्या स्वरातून. आणि मागचे झेलकरी? बुवांचा आवाज संशयानं अडखळला, तरी पन्नास गळे तीच ओळ ठामपणे परत देतात. एकट्यानं करायच्या प्रार्थनेत ही सोय नाही. आज माझा विश्वास बसत नसेल, तर शेजारच्याचा बसतोय तेवढ्यावर भागवता येतं. मराठी ख्रिस्ती उपासनेला वारकरी भजनातून मिळालेली ही सर्वांत मोठी देणगी, असं माझं मत आहे.

अलीकडच्या ध्वनिमुद्रणांबद्दल मात्र माझी कुरकुर आहे. कीबोर्ड आणि घुमवलेला आवाज यांनी चौथ्या चरणातली ती मोकळी जागा पार बुजवून टाकली आहे. जिथे गाणाऱ्यानं अडायचं, तिथे बासरीचा तुकडा घालतात. दुःखाचं कडवं संपायच्या आत दिलासा हजर. तेवढी घाई तेराव्या स्तोत्रालाही नव्हती.

म्हणून शक्य असेल तर प्रत्यक्षच ऐका. अकोला, खामगाव, बुलढाणा भागात अलायन्स या ख्रिस्ती मिशनच्या काळापासूनची चर्चेस आहेत, जालन्याकडेही आहेत. रविवारी सकाळी कुणीही जाऊन मागच्या बाकावर बसू शकतो. उपासना संपल्यावर मंडळींना विनंती करा की 'उपासना संगीत'मधला टिळकांचा एखादा अभंग फक्त टाळ-पेटीवर म्हणा, सावकाश. बहुतेक ठिकाणी खुशीनं म्हणतात. आणि चौथा चरण घाईत गेला, तर संकोच न करता पुन्हा म्हणायला सांगा.